टोळाचे पंख

दिवा मोठा करतोस? आत्ताच? अरे, भूत अजून यायचंय. ही आमच्या ओळखीच्या एका सुताराची गोष्ट. मागल्या महिन्यातला शेवटचा शनिवार, दिवेलागण नुकतीच झालेली.

सुतार संग्रहालयात प्रदर्शन बघायला गेला. पाचशे वर्षांपूर्वीच्या कुणा परदेशी शोधकाची यंत्रं. त्याच्या नावाला माझी जीभ वळत नाही. तुम्ही शिकलेले, तुम्ही वळवा. त्याच्या चित्रांवरून ती यंत्रं लाकडात घडवली मात्र या सुतारानं आणि त्याच्या धाकट्या भावानं. धाकट्याला सगळे टोळ म्हणायचे.

प्रदर्शनाआधीच टोळ त्यातले मोठे पंख बांधलेल्या अवस्थेत सज्ज्यावरून पडून मेला. संग्रहालयाच्या साहेबांनी पोलिसांना सांगितलं, पिऊन चढला. भावजयीची मान खाली गेली ती गेलीच. सुताराला एकच हवं होतं : साहेबांनी चार माणसांत खरं बोलावं.

पंख छताला टांगलेले. खाली साहेब पाहुण्यांना सांगत होते, "हे यंत्र कागदावरच राहिलं. यात कधी कुणी बसलंच नाही."

"माझा भाऊ बसला होता!" सुतार कडाडला. "तुम्ही बसवलंत. फोटोसाठी!"

"हळू बोल. तूही पिऊन आलास का?"

"तूही? अहो, तो खोकल्याचं औषध वासानंच थुंकायचा!"

"बाहेर काढा रे याला."

वर काहीतरी करकरलं.

"वारा असेल..." एक बाई म्हणाली.

खिडक्या बंद होत्या.

पंखांचे रिकामे पट्टे... ताणले गेले. आत कुणी छाती भरून श्वास घ्यावा तसे. पायाची फळी दबली. पंख हलले. थप्प...

थप्प...

साहेब मागे सरले. पंख त्यांच्याकडे वळले.

भीती सुतारालाही वाटली. पण राग भीतीला पुरून उरला. वर बघत तो म्हणाला, "टोळ्या, सोडू नकोस त्याला."

थप्प.

"मीच... मीच चढवलं त्याला!" साहेब किंचाळले. "पंखांचा दोर कुजलाय म्हणत होता तो. मी ऐकलं नाही... प्यायला नव्हता तो!"

पंख थांबले.

पाहुण्यांनी त्याच रात्री पोलिसांत जबान्या दिल्या. भावजयीनं मान वर केली. सुताराचा राग गेला म्हणता? छे! अजून त्याच्या डोक्यावर पाणी ओता, वाफ निघेल.

दुसऱ्या दिवशी पंख उतरवायला एक जण शिडीवर चढला आणि पंख न सोडवताच खाली आला.

वर, छताच्या गिलाव्यात, माणसाचा पंजा उमटला होता. ओल्या गिलाव्यात रुतावा तसा खोल.

गिलावा जुना होता. वाळून दगड झालेला.