लोणच्याच्या बरणीतला समुद्र

मेहकरच्या एसटी स्टँडावर बनाच्या अंगावर समुद्र सांडला, तेव्हा तिने आयुष्यात कधी समुद्र पाहिलेला नव्हता.

मलकापूरची गाडी थांबली, गर्दी उतरली, आणि काचेची मोठी बरणी छातीशी धरलेला एक उंच, घामाघूम तरुण नेमका तिच्या भाजीच्या टोपलीवर आदळला. वांगी गडगडत रस्त्यावर गेली. बरणीचं झाकण निसटलं आणि पाणी थेट तिच्या तोंडावर. ओठांवरून जीभ फिरली मात्र... बना दचकलीच.

"अगं बाई! हे तं खारं हाय! काय पाजलं मले?"

"अरबी समुद्र," वांगी गोळा करता करता तो म्हणाला. "मुंबईहून घेऊन आलो. चव कशी वाटली?"

ती फटकारणारच होती, पण तिची नजर बरणीत गेली. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या तीन इवल्याशा मासोळ्या! पैनगंगेतल्या करड्या मासोळ्यांपलीकडे तिला काही ठाऊक नव्हतं. देवानं यांना रंगवलं कधी?

दुसरा धक्का संध्याकाळी बसला. वडिलांनी, पंजाबरावांनी, ओसरीलगतची खोली ज्या नव्या मास्तरला भाड्याने दिली होती, तो हाच! मोताळ्याचा निवृत्ती, शाळेत विज्ञान शिकवणारा. महाराष्ट्र होऊन पाच वर्षं झाली होती, गावात विजेचे दिवे आले होते, पण घरात काचेच्या पेटीत समुद्र ठेवणारा माणूस मेहकराने पाहिला नव्हता. बायका पदर तोंडाशी धरून बघून जात. जूनमध्ये शाळा उघडली की पोरांना समुद्र दाखवायचा, एवढंच त्याचं वेड होतं.

पण जून यायच्या आधी चैत्र-वैशाख येतात, हे वेड्याला सुचलं नव्हतं. ऊन तापलं, तसा पेटीत लावलेल्या थर्मामीटरचा पारा चढू लागला. निवृत्ती हवालदिल झाला.

"अठ्ठावीसच्या वर गेलं की यांचा दम कोंडते, बना. तापलेल्या पाण्यात हवाच राह्यत नाई."

"एवढं शिकले आन् एवढंही येत नाई?" बना हसली. "आमची मेथी बाजारात दिवसभर ताजी राह्यते ते काय जादूनं? ओलं गोणपाट आन् वारा!"

तिने पेटी खिडकीशी ओढायला लावली, तीन बाजूंनी गोणपाट गुंडाळलं आणि ते तासातासाला भिजवत राहिली. दिवस कलेपर्यंत पारा सत्तावीसवर उतरला होता. निवृत्ती बघतच राहिला... पाऱ्याकडे नव्हे.

"मास्तर, पारा तिकडं हाय."

"हाव. पण इकडं वाढून राह्यला."

बनाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. काहीतरी करायचं म्हणून तिने पदराचा लाल दोरा तोडला आणि थर्मामीटरवर अठ्ठावीसच्या खुणेला बांधून टाकला.

मेमध्ये निवृत्तीला आईचं पत्र आलं. चार दिवस मोताळ्याला जायचं होतं.

"पोरगी पाहाले बलावलं असन," बनाची आई रुखमाबाई पोळी उलटता उलटता म्हणाली.

जाताना निवृत्ती बजावत होता, "पाणी आटलं की माठातलं साधं पाणी घालजो. खारं नाई. पाणी उडून जाते, मीठ आतच राह्यते. ऐकलं ना?"

तिने मान हलवली. ऐकलं काहीच नव्हतं. कानात एकच शब्द घुमत होता... पोरगी.

तिसऱ्या दिवशी पेटीतलं पाणी चार बोटं उतरलेलं दिसलं. 'साधं पाणी' एवढं तिला आठवलं, पण पटेना. समुद्राच्या मासोळीला माठातलं पाणी कसं चालेल? मला त्रास नको म्हणून मास्तर तसं बोलले असतील. आणि घरात तर खारं पाणी होतंच! पंजाबरावांनी पायाच्या खरजेसाठी लोणारच्या सरोवराचं पाणी कॅन भरून आणलं होतं. मास्तरांच्या मासोळ्यांसाठी आपण जास्तीचं करतोय, या आनंदात तिने तांब्यावर तांब्या ओतला.

थोड्याच वेळात मासोळ्या वर येऊन तोंडं उघडू लागल्या. पारा तर दोऱ्याखालीच होता! तिने हात बुडवला... बोटं साबण लागल्यासारखी बुळबुळली. लोणारचं पाणी नुसतं खारं नव्हतं, सोड्याचं होतं!

ती धावतच सुटली. निवृत्तीने जादा आणलेलं समुद्राचं पाणी बाटल्यांत भरून रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरलेलं होतं. यंदाच्या लोणच्यासाठी घासून ठेवलेली आईची बरणी तिने ओढली, बाटल्या रित्या केल्या, ओंजळीने मासोळ्या हलवल्या. दोन सुळकन फिरल्या. तिसरी हललीच नाही.

ती तिने वांग्याच्या वाफ्यात पुरली आणि पोटभर रडली. पुढे तिने बरणी सोडली नाही. गोणपाट भिजवायचं, वाटीने पाणी उंचावरून सोडायचं, त्यात हवा मिसळायची, थर्मामीटर बरणीत सोडून पारा बघायचा.

दुसऱ्या दिवशी निवृत्ती परतला, सोबत आई गीताबाईंना घेऊन. रिकामी पेटी बघताच त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मासोळ्या...?"

बनाने एका दमात सगळं सांगितलं. "एक मेली. माह्याच हातानं. तुमी सांगतलं होतं, मीच ऐकलं नाई."

तो बरणीवर वाकला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मुंबईहून निघालो तवा सात होत्या. मलकापूर येईस्तोवर चार मेल्या. बरणीत कोंबून मीच मारल्या. आजवर कोणाले सांगतलं नाई... तुलेच सांगून राह्यलो."

बनाने डोळे पुसले. आता विचारूनच टाकावं. "मोताळ्याची पोरगी... कशी हाय?"

"कोणती पोरगी?"

"पाहाले गेलते ना?"

"येडी का तू! आईनं ठरवलेल्या पोरीले नाई म्हणाले गेलतो. आन् आईले इथं आणाले." तो अडखळला. "पोरगी तं... इथं हाय."

बनाच्या हातातली वाटी खणकन खाली पडली. आतून रुखमाबाई ओरडली, "अवं, माह्या लोणच्याच्या बरणीत मासोळ्या?" तोवर गीताबाईंनी कुतूहलाने बरणीत बोट बुडवून जिभेला लावलं होतं.

"अगं बाई! हे तं खारं हाय!"

बनाला हसू फुटलं, डोळे वाहतच होते. निवृत्तीने हळूच विचारलं, "बना... पारा किती?"

तिने बरणीकडे पाहिलंही नाही.

"दोऱ्याच्या लय वर गेला, मास्तर. कवाचाच."