दुसरी संमती

जिन्याच्या वळणावर ती मोजणीदारावर धडकली, आणि त्याच्या हातातील फीत सळसळत पायऱ्यांवरून खाली उलगडत गेली.

"सावकाश, मॅडम! घराला आग लागली की काय?"

"आग परवडली... घरच गेलं हो!"

तिच्या नेत्रांतील भय पाहून तो फीत गुंडाळायचे विसरला.

भूमिअभिलेख कार्यालयात शहरातील मालमत्तेच्या नोंदी ब्लॉकचेनवर चढविण्याचे काम चालले होते. ती नोंद भरी, तो मोजणीशी ताडून संमती देई. दोघांच्या संमतीने नोंद एकदा त्या साखळीत गुंफली गेली, की ब्रह्मदेवालाही पुसता येत नसे. आज एका गोदामाची नोंद भरताना तिने चुकून शेजारच्या, आपल्या आईच्या घराचा क्रमांक टाकला होता. घर गोदामवाल्याच्या नावे झाले होते — आणि तो गृहस्थ ती मालमत्ता विकण्यासाठी खाली खिडकीशी येऊन ठेपला होता!

"दुरुस्तीची नवी नोंद जोडू. चला, लवकर!"

"पण चूक कुणाची, ते लिहावं लागतं. अख्खं शहर वाचेल... नोकरी जाईल माझी."

"आणि डोळे झाकून संमती कुणी दिली?"

"तुम्ही..." ती पुटपुटली.

वर येताच तो संगणकापुढे बसला. त्याच्या खांद्यावरून तिने वाचले — 'मोजणीदाराने क्रमांक तपासला नाही. त्याचे लक्ष नोंद भरणाऱ्या बाईंकडे होते.'

"अहो, वेड लागलंय का? हे कधीच पुसता येणार नाही!"

"खोटं लिहिलं तर तेही पुसता येणार नाही."

"साहेब घरी बसवतील तुम्हाला."

"बसवू देत. मात्र..." तो तिच्याकडे वळला, "दुसरी संमती तुमची लागते. माझ्या एकट्याच्या म्हणण्यानं काही होत नाही."

खालून गोदामवाल्याचा चढा आवाज आला. तिने त्याला हलकेच बाजूस सारले.

"अर्धंच लिहिलंत तुम्ही."

तिने पुढे जोडले — 'नोंद भरणारीचेही लक्ष कामावर नव्हते. ती मोजणीदाराकडे पाहत होती.'

आणि तिने संमती दिली.

आईचे घर आईच्या नावे परतले. त्याच क्षणी साहेबांची घंटी खणखणली.

"मी जातो आधी," तो म्हणाला.

तिने त्याचा हात घट्ट धरला.

"एकटे? आता नाही..."