पंधरा पेट्यांची माफी

पोपटराव गुंजाळ ग्रामपंचायतीच्या सभागृहात मांडी घालून बसले, तेव्हा त्यांच्या गुडघ्यांनी जाहीर निषेध नोंदवला. पोटाला रुंद कापडी पट्टा होता. समोर तसाच पट्टा बांधून चंद्रभागा वाकचौरे बसल्या होत्या. वीस वर्षांचा शेजार आणि आठ दिवसांचा अबोला.

भांडणं मिटवायची गावातली ही नवी रीत. पूर्वी तारीख पडली की वादी-प्रतिवादी एकाच एसटीने तालुक्याला जायचे आणि एकमेकांसाठी जागा धरायचे. आता श्वासपट्टा आला होता. एकाचा श्वास दुसऱ्याच्या पोटावर हलक्या दाबाने उमटायचा. त्याचा अडला की आपलंही पोट आवळायचं. दोघांचे श्वास मोकळे होईपर्यंत उठायचं नाही, एवढाच नियम.

गुन्हा साधा होता. पोपटरावांच्या बागेत डाळिंब फुलात असताना औषध मारायचं, तर आदल्या संध्याकाळी चंद्रभागाबाईंना कळवायचं. मग त्या मधपेट्यांची दारं लावून घेत. पोपटरावांनी कळवलं नाही. सकाळी फवारणीचा ड्रोन फिरला आणि दुपारपर्यंत पंधरा पेट्या गप्प झाल्या. उरलेल्या तीन घेऊन चंद्रभागाबाई उद्या भावाकडे निघणार होत्या. कायमच्या.

"चुकलं, वहिनी. विसरलो," पोपटरावांनी पाठ करून आणलेलं वाक्य टाकलं.

चंद्रभागाबाईंनी पोट धरलं. "निलोफर, हे विसरलो म्हणाले आणि इथं माझ्या पोटात गाठ बसली बघ."

"काका, तळवे जमिनीला टेकवा," बैठक चालवणारी निलोफर म्हणाली. "श्वास कुठं अडतोय, तेवढंच बघा."

पोपटराव बघू लागले. पट्ट्यातून एक तोकडा श्वास येत होता, अर्ध्यावर थांबत होता. रोज सकाळी रिकाम्या पेटीला कान लावणाऱ्या आणि काहीच ऐकू न आल्यावर श्वास सोडायचाच विसरणाऱ्या बाईचा श्वास होता तो.

"विसरलो नव्हतो," ते एकदम म्हणाले. "फोन हातातच होता. पण तुमच्या बाटलीवर नुसतं 'डाळिंबाचा मध' लिहिलंय. कुणाची डाळिंबं, ते नाही. म्हटलं, होऊ दे जरा धावपळ यांची."

"लेबलासाठी?"

"लेबलासाठी."

"मग तोंडानं सांगायचं होतं की, मेल्या!"

वीस वर्षांत त्या पहिल्यांदाच त्यांना मेल्या म्हणाल्या, आणि पोपटरावांना फार बरं वाटलं. मग चंद्रभागाबाई रडू लागल्या. दोन्ही पोटं हलत होती. कोण किती रडतंय याचा हिशेब निलोफरलाही लागेना. बऱ्याच वेळाने श्वास लांबले.

ठरलं ते असं: वहिनी थांबणार. बहार संपेपर्यंत पोपटराव रोज सकाळी येऊन तीन पेट्यांच्या अठरा करायला मदत करणार. डंख ज्याच्या त्याच्या नशिबाने.

दुसऱ्या दिवशी सात वाजता पोपटराव हजर झाले आणि पहिल्याच डंखाने त्यांचं नाक सुजलं. त्यांनी पेटीला कान लावला. आत दाट, संथ गुणगुण चालली होती.

"खुशीत आहेत का हो?"

"आहेत. तुम्ही कोण, ते त्यांना अजून कळलेलं नाही."

पोपटरावांनी कान काढला नाही. बराच वेळ ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "वहिनी, तुमच्यापुढं बसलो, मोकळा झालो. पण त्या पंधरा पेट्यांपुढं मी आता कुठला पट्टा बांधून बसू?"