लाल न झालेला पडदा

“विद्या, बंद पडलेल्या मागाला हात लावण्याआधी विचार, तो कधी बंद पडला?”

लूमच्या खडखडाटावरून ओरडून बोलायची वडिलांना सवय होती. भिवंडीत खासगी तपासाचं काम करणाऱ्या विद्युल्लतेच्या कानात तो आवाज अजून होता. शनिवारी दुपारी वळ गावातल्या एका गोदामात शिरताना तो पुन्हा ऐकू आला.

सोबत चिंतामणीकाका होते, निवृत्त शाळामास्तर. पुढे गोदामातली कारकून मेघाली, भराभर चालत.

“चार वाजता पोलिसांकडे मॅनेजरचा कागद जाईल, ताई. लिफ्टची तक्रार मी भरलीच नाही, असं त्यात लिहिलंय. मनोजच्या पायाचं खापर माझ्यावर.”

मंगळवारी मेघालीला मालाच्या लिफ्टच्या लोखंडी दोराचे पदर सुटलेले दिसले होते. तिने आपल्या टेबलावरच्या संगणकातून फॉर्म भरला. ‘नोंद झाली’ असं उत्तरही आलं. नोंद झाली की फाटकाजवळच्या मोठ्या पडद्यावर लिफ्टचं नाव लाल व्हायचं आणि लाल दिसलं की लिफ्ट बंद, हा तिथला नियम. पडदा मात्र हिरवाच राहिला. तिने फॉर्म तीनदा भरला. शुक्रवारी लिफ्ट कोसळली आणि मनोजचा पाय मोडला. मनोज तिथलाच कामगार, लिफ्ट चालवणाऱ्या राघोचाच मुलगा.

“राघोकाकांशी कसं बोलू तेच कळत नाही,” मेघाली म्हणाली. “दसऱ्याला लिफ्टची पूजा केली त्यांनी. पडद्यावरचा फोटो दर तासाला बदलतो, पूजेचा जाईल म्हणून हळहळत होते. पडद्यावरचं पान जपून कसं ठेवायचं ते मीच शिकवलं त्यांना.”

मॅनेजर हरेश खुर्चीतून उठला नाही.

“मॅडम, पडदा सगळ्यांनी बघितला. चार दिवस हिरवा. फॉर्म भरला असता तर लाल झाला असता ना? सिंपल है.”

“मी तीनदा तुम्हाला येऊन सांगितलं, सर.”

“मी पडदा बघितला. हिरवा होता.”

“पडद्याचा संगणक कोण चालू करतं?” विद्युल्लतेने विचारलं.

“राघो. सकाळी सहाला. हल्ली त्याचंही काहीतरी चाललंय. बुधवारपासून माल लिफ्टने पाठवतो आणि स्वतः जिन्याने धापा टाकत चढतो.”

“पोट कमी करायचं असेल,” चिंतामणीकाका म्हणाले, आणि स्वतःचं पोट आत घेतलं.

पडद्याचं वेबपान बनवणारा मिहिर ठाण्याहून फोनवर आला. “माझ्याकडे तिन्ही नोंदी आहेत. हरेशशेठ म्हणतात, मी त्या मागाहून घुसडल्या. पडदा हिरवा का राहिला, ते मलाच कळत नाही.”

फाटकाच्या केबिनबाहेर राघो स्टुलावर बसला होता. रात्रभर हॉस्पिटलात जागून आलेला.

“मनोज कसा आहे?”

“हाय बरा. सळई टाकनार म्हनतात.”

त्याच्या डोक्यावर पडदा होता. लिफ्टचं नाव हिरवं, खाली लिफ्टच्या दाराचा फोटो.

“झेंडूंनी काय शोभा आणलीय,” काका म्हणाले. “पिवळेधमक.”

विद्युल्लतेने इंटरनेटची केबल उपटली आणि पान पुन्हा मागवलं. पडदा लुकलुकला, पान परत आलं.

“झालं. पान ठणठणीत आहे,” काका म्हणाले.

ती लिफ्टकडे गेली. दारावरच्या माळेला बोट लावलं. काळपट चुरा बोटाला चिकटला.

साडेतीनला तिने सगळ्यांना पडद्यासमोर बोलावलं.

“केबल काढूनही पान येतं, म्हणजे ते बाहेरून येतच नाही. याच संगणकात साठवलेलं आहे. कधीचं? फुलं बघा. दसऱ्याला बारा दिवस झाले. दारावरची माळ वाळून गेली, पडद्यावरची अजून ताजी आहे. मेघालीची तक्रार जायची तिथे गेली. पडदा मात्र दसऱ्यालाच थांबला होता.”

हरेशच्या हातातला कागद खाली आला.

“तुम्ही पडदा बघितलात, हरेशभाई. दोर बघायला गेला नाहीत.”

मग ती राघोकडे वळली. आवाज उतरला.

“राघोभाऊ, जपून ठेवलेलं पान तुम्ही दुसऱ्या दिवशी चुकून उघडलंत. रोज तेच उघडत गेलात. ती चूक होती. पण बुधवारपासून तुम्ही लिफ्टमध्ये पाय ठेवला नाहीत. दोर तुम्ही बघितला होता.”

राघोने टोपी काढली.

“बगितला. मंग पडदा बगितला, फुलं ताजी दिसली, तवा समजलं, ह्यो जुना हाय. मागच्या खेपेला लिफ्ट बंद झाली तवा दोन म्हयने बिनपगारी घरी बसलो व्हतो. म्हनलं, दिवाळीपत्तुर ऱ्हाऊ दे हिरवं.”

“माझ्यावर आलं, तरी गप्प राहिलात, काका?” मेघाली म्हणाली. “निदान मनोजला तरी सांगायचं.”

“सांगितलं व्हतं, पोरी. जिन्यानं ये म्हनलो. तो हसला.”

राघोने तोंड फिरवलं.

“का, त्ये न्हाय सांगितलं.”