तिचे ओठ, माझा आवाज

"एक कॉफी द्या हो, साखर कमी," मी म्हणाले, आणि मागून कुणीतरी घोगऱ्या आवाजात ओरडलं, "अगं बाई! हा तर माझा आवाज!"

मी वळून पाहिलं. डोक्यावर टोपी, नाकापर्यंत ओढलेला स्कार्फ आणि मध्ये दोन डोळे. खरं सांगू? डोळ्यांवरून मी तिला ओळखलंच नसतं. माझी सगळी ओळख तिच्या ओठांशी. वर्षभर मी एका अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर उभी राहून त्या ओठांकडे पाहत होते... ते कधी उघडतात, कधी मिटतात, रडू येण्याआधी कसे थरथरतात. ती मालिकेची नायिका आणि मी तिचा आवाज. तिचा स्वतःचा आवाज जाड, फाटका, आणि वाहिनीला हवा होता गोड. म्हणून ती दिसायची, मी बोलायचे, आणि प्रेक्षकांना वाटायचं सगळं एकाच बाईचं आहे. तिच्या मुलाखतीसुद्धा आधी चित्रित व्हायच्या आणि माझ्या आवाजात बाहेर पडायच्या.

तिनं स्कार्फ खाली केला. "पुन्हा बोला ना काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही! मला माझं ऐकायचंय."

"साखर कमी," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

ती इतकी मोठ्यानं हसली की कँटीनवाल्याच्या हातातली कॉफी हिंदकळली. तेवढ्यात पाऊस सुरू झाला. आमच्या स्टुडिओचं छप्पर पत्र्याचं, त्यामुळे पाऊस आला की रेकॉर्डिंग बंद. सगळे चरफडत असत. मी मात्र त्या दिवशी मनातल्या मनात म्हटलं, पड बाबा, खुशाल पड.

"वर्षभर तू माझ्या तोंडात बसलीयेस," ती माझ्यासमोर बसत म्हणाली, तिचं अहोजाहो एव्हाना गळून पडलं होतं, "आणि मला तुझा चेहरा आज दिसतोय. हा कुठला न्याय?"

"आवाजाला चेहरा कशाला लागतो?"

"पण रडतेस मात्र माझ्यापेक्षा छान."

"तुम्ही रडायच्या आधी नाक ओढता ना, तेव्हाच मी तयार होते."

"शी! बघतेस तरी काय तू?"

"माझं कामच आहे ते."

"नुसतं काम?" तिनं विचारलं, आणि मी उगाचच कपातली केव्हाच विरघळलेली साखर ढवळत बसले.

इथे आमच्या कामातली एक गंमत सांगायला हवी. चित्रीकरणाच्या वेळी तिचा खरा आवाजही नोंदला जायचा. तो मला हेडफोनमधून ऐकवायचे, त्याच्या मापानं मी बोलायचे, आणि मग तो पुसून टाकायचे. तो ऐकणारे जगात आम्ही दोघंच, मी आणि काचेपलीकडचे रेकॉर्डिस्ट काका.

त्यानंतरच्या एका प्रसंगात ती नायकाच्या उशाशी बसून धाय मोकलून रडत होती. रडणं संपलं. टेप अजून चालूच होती, आणि माझ्या कानात तोच घोगरा आवाज हळूच म्हणाला, "काय पोपटा, जेवलीस का?"

माझं भानच सुटलं. मला हसू आवरेना. काका छताकडे पाहत म्हणाले, "तांत्रिक अडचण दिसतेय. पुन्हा लावतो."

मग रोजच तांत्रिक अडचणी येऊ लागल्या. कधी "पोपटा, हा नायक फार लसूण खातो गं," कधी "आज पाऊस येईल का?" काकांनी सगळं ऐकलं आणि एका शब्दानंही कुठे वाच्यता केली नाही. माझ्या मात्र तोंडात तीळ भिजत नव्हता... पण सांगणार कुणाला?

एका दुपारी ती डबिंगच्या खोलीत आली. काका कॉफीला गेले होते. ती माझ्यासमोर इतकी जवळ उभी राहिली की मला तिच्या पावडरचा वास आला.

"माझे ओठ वाचतेस ना तू? मग हे वाच."

आणि ती आवाज न करता बोलली. मी सवयीनं त्या ओठांवर आवाज ठेवत गेले, एकेक शब्द— "मला... तू... फार... आवडतेस."

वाक्य संपल्यावर कळलं मी काय बोलले ते. कानशिलं तापली माझी.

"कोण म्हणालं हे?" तिनं विचारलं.

"तू!"

"मी कुठे? आवाज तर तुझा होता."

मी तिचा हात धरला.

पुढचे महिने फार सुखाचे गेले. तिच्या घरी ती पाव करपवायची आणि वर मलाच म्हणायची, लक्ष कुठे होतं तुझं? तिथे ती तिच्या आवाजात बोलायची. मला तो फाटका आवाज इतका आवडायचा की रोज तो पुसायला मीच कारण होते, याचं वाईट वाटायचं. बाहेर मात्र ती दहा पावलं पुढे, मी मागे. एकदाच चुकलो. पावसात रस्ता ओलांडताना तिनं माझा हात धरला, पलीकडे पोचल्यावरही सोडला नाही, आणि कुणीतरी फोटो काढला.

फोटो छापून आला नाही. वाहिनीनं तो दाबला. दुसऱ्या दिवशी आमच्या निर्मात्या बाईंनी तिला बोलावून घेतलं. त्या वाईट नव्हत्या. म्हणूनच त्यांच्यावर धड चिडताही येईना.

"बाळा, तुझ्या घरात तू काय ते कर," त्या म्हणाल्या. "पण लोकांच्या घरात तू त्याची आहेस. झाकली मूठ सव्वा लाखाची. साखरपुडा जाहीर करू, बोलणारे गप्प बसतील."

त्याची म्हणजे नायकाची. तो बिचारा मान खाली घालून बसला होता म्हणे.

ती तशीच माझ्याकडे आली. मेकअपही उतरवला नव्हता.

"मागे एका नटानं त्याचं पुरुषावर प्रेम आहे हे खरं सांगितलं होतं, आठवतं? लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर त्याला काम कुणी दिलं? माझ्या बाबांचं आजारपण, धाकट्याचं शिक्षण... सगळं घर माझ्यावर आहे गं."

"माहितीये मला."

"तू नको म्हण. तू म्हणालीस तर मी नाही म्हणते."

मला नको म्हणायचं होतं. अगदी ओरडून म्हणायचं होतं. पण उद्या तिचं काम गेलं असतं, तर रोज तिच्या तोंडाकडे पाहून मला काय वाटलं असतं? मी तिच्या गालावरचा रंग पुसत राहिले.

"थोडे दिवसच," ती म्हणाली.

"हो, थोडे दिवसच," मी म्हणाले. आम्ही दोघीही खोटं बोलत होतो.

साखरपुडा जाहीर करायची चित्रफीत माझ्याकडे डबिंगला आली. आणखी कुणाकडे येणार? पडद्यावर सोफा, फुलं, अंगठी, तो आणि ती. हेडफोनमध्ये तिचा आवाज सूचनाफलक वाचल्यासारखा कोरडा. शेवटी माझ्यासाठी काही असेल म्हणून मी कान देऊन थांबले. काही नव्हतं.

मी बोलले. काचेपलीकडून निर्मात्या बाई म्हणाल्या, "बाळा, यात जीव नाही. ही मुलगी प्रेमात आहे!"

"हो," मी म्हणाले. "पुन्हा घेऊ."

मग मी त्याच्याकडे पाहणं सोडून दिलं. फक्त तिच्या ओठांकडे पाहिलं आणि तिच्याशीच बोलले. "तुझ्याशिवाय मला घर घर वाटत नाही. सगळ्यांसमोर एकदा सांगायचं होतं, म्हणून सांगते... माझं तुझ्यावर खूप प्रेम आहे."

निर्मात्या बाईंनी डोळे टिपले. काका खाली मान घालून नुसतं "झालं" म्हणाले.

संध्याकाळी ती चित्रफीत दाखवायच्या आधी तिचा फोन आला. "बाईंनी ऐकवलं मला," ती म्हणाली. "कुणाशी बोलत होतीस?"

"तुला माहितीये."

ती गप्प झाली. तिचे ओठ हलत असतील का? फोनवर मला ते कसे दिसणार...

"भेटशील?" तिनं विचारलं.

"कुठे?" मी म्हणाले. तिनं फोन ठेवला.

टीव्हीसमोर आई बसली होती. माझं काम काय आहे ते तिला ठाऊक होतं. लेकीचा आवाज आईपासून कुठे लपतो? चित्रफीत संपल्यावर ती डोळे पुसत माझ्याकडे वळली.

"आजवर तू इतकं बोललीस, पण असं कधी बोलली नव्हतीस. हे काही नुसतं काम नाही. माझ्याशी कसली लपवाछपवी? कोण आहे गं तो?"

पडद्यावर तिचा चेहरा थांबला होता, अख्खा पडदा भरून. मला नुसतं बोट दाखवायचं होतं.

"कुणी नाही गं," मी म्हणाले. "लिहून दिलं होतं, ते वाचलं."