आवाज येतोय ना?

तळेगावच्या इंद्रायणी आणि श्रीयशला नवा माइक घ्यायचा होता, एवढंच काय ते निमित्त.

दोघं नोकरी करणारी. ती बँकेत, तो चाकणच्या एका कारखान्यात. सुट्टीला मावळातल्या आडवाटा धुंडाळायच्या, व्हिडिओ करायचे आणि आपल्या चॅनेलवर टाकायचे, हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा नाद. कॅमेरा चांगला होता. छातीवर बांधायचा पट्टा, पावसाचं कव्हर, जादा बॅटऱ्या, सगळं हळूहळू जमवलं होतं. घोडं अडत होतं आवाजापाशी. डोंगरावरचा वारा असा काही घुसायचा, की बोललेलं अक्षर कळायचं नाही. पाहणारे दर वेळी तेच लिहायचे, दिसतंय झकास, पण ऐकू काही येत नाही.

श्रीयशच्या शाळासोबत्याचं, ओंकारचं, स्टेशनाजवळ कॅमेऱ्यांचं दुकान होतं. त्यानं दोन माइक काढून दिले. एक कॅमेऱ्यावर बसवायचा, केसाळ टोपीचा. दुसरा बिनवायरचा, तो कॉलरला लावून लांब गेलं तरी बोलणं कॅमेऱ्यात उतरायचं.

"दोन्ही न्या," ओंकार म्हणाला. "डोंगरात वापरून बघा आणि बरा वाटेल तो ठेवा. फक्त दोन्हींची तुलना करणारा एक व्हिडिओ टाका, दुकानाचं नाव घेऊन."

श्रावणातला रविवार होता. भाजे गावाच्या वरच्या अंगाला शेवटचं घर शालनमावशींचं. तिथं गाडी लावून पठाराकडे निघायचं, हे त्यांचं नेहमीचं. मावशी भातखाचरात होत्या, त्यामुळे जाताना भेट झाली नाही. भर दुपारी दोघं पठाराच्या तोंडाशी पोचली. वर लख्ख ऊन होतं. श्रीयश आधी केसाळ माइकवर बोलला, मग तेच बिनवायरच्या माइकवर. तुलनेपुरतं चित्रण झालं.

"आता हा किती लांबून चालतो ते बघू," तो म्हणाला. "मी बोलत पुढं जातो. तू हेडफोन लावून इथंच थांब. आवाज तुटला की हात कर."

तो गवतातून निघाला, आणि दरीकडून धुकं वर आलं. घाई नाही, गडबड नाही; दूध उतू यावं तसं कड्याच्या काठावरून पसरत आलं. आधी श्रीयशचे पाय दिसेनासे झाले, मग पाठ, मग लाल टोपी. हात करून उपयोग नव्हता. इंद्रायणी जागच्या जागी उभी राहून ऐकत राहिली.

"चिखल आहे इथं… आता एक मोठा कातळ लागला… आवाज येतोय ना, इंदू?"

मग खरखर झाली. आवाज तुटला. ती टोपीची वाट बघत राहिली. थोड्या वेळानं आवाज पुन्हा आला, आधीपेक्षा स्वच्छ. वाऱ्याचा लवलेशही त्यात नव्हता, जणू कुणी बंद खोलीत कानाशी बसून बोलत होतं. हाच माइक घ्यायचा, तिनं मनाशी ठरवून टाकलं.

"इंदू, इकडे ये. इथं धुकं फाटलंय. खाली धरण दिसतंय. कॅमेरा घेऊन ये."

ती निघाली. गवत गुडघ्याला लागत होतं. ओल्या मातीचा वास हळूहळू विरला आणि भिजून कुजलेल्या घोंगडीसारखा काहीतरी कोंदट वास येऊ लागला.

"डावीकडे… हां. दगड आहे, पाय उचलून टाक."

पायापुढे खरंच दगड होता. तो ओलांडल्यावर तिच्या मनात आलं, एवढ्या धुक्यात याला माझे पाय दिसतात कसे?

"अजून थोडं… ये ना."

तेवढ्यात मागून कुणीतरी तिची पिशवी धरून जोरात ओढली. ती मागं कोसळली. वळून पाहिलं तर श्रीयश. लाल टोपी हातात, धापा टाकत होता. त्याचे ओठ हलत होते, पण हेडफोनमुळे तिला काही ऐकू येत नव्हतं. ऐकू येत होतं ते वेगळंच.

"थांबलीस का, इंदू?"

तिनं हेडफोन ओरबाडून काढले.

"कधीपासून हाका मारतोय," श्रीयश म्हणत होता. "बॅटरी संपत आली म्हणून माइक बंद केला नि मागं फिरलो. तू जागेवर नाहीस. चाललीस कुठं?" त्यानं तळहात उघडून दाखवला. माइकचा दिवा विझलेला होता.

वाऱ्याचा एक झोत आला. तिच्या बुटांपुढे हातभर गवत होतं, आणि त्यापुढे काहीच नव्हतं.

तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं हेडफोन उचलून स्वतःच्या कानाला लावले. ऐकता ऐकता त्याचा रंग उतरला.

"इंदू… तू बोलत नाहीयेस ना?"

"नाही."

"मग तुझा आवाज… खालून…"

त्यानं हेडफोनची वायर कॅमेऱ्यातून उपटली. एकमेकांचा हात गच्च धरून दोघं उतरली.

शालनमावशींनी त्यांना पाहिलं, काही न विचारता चुलीजवळ बसवलं. चहा अर्धा झाल्यावर इंद्रायणीनं सगळं सांगितलं. मावशींनी चुलीतली लाकडं पुढं सारली.

"आमचं मालक असंच गेलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वासरू हुडकाया गेलतं. संगतीचा मानूस म्हनला, शालन हाक मारती म्हनून पुढं झालं नि दिसलंच न्हाई. मी हितंच व्हते ताई, ह्याच चुलीम्होरं. मी हाक मारली न्हाई. पर गाव अजून माज्याकडंच बगतं."

इंद्रायणीनं त्यांचा हात धरला. तो थंडगार होता.

बिनवायरचा माइक दुसऱ्या दिवशी परत गेला. धुक्यातलं चित्रण पुसून टाकलं. केसाळ माइक ठेवून घेतला. राहिला तो ओंकारला कबूल केलेला व्हिडिओ.

"नको टाकूया," इंद्रायणी म्हणाली.

"ते धुक्याच्या आधीचं आहे. उन्हातलं. आपण दोघांनी किती वेळा ऐकलं, काही आहे का त्यात?"

नव्हतं. श्रीयशचं बोलणं आणि वारा, बाकी काही नाही. शनिवारी रात्री त्यांनी तो टाकला.

रविवारी सकाळी चहा घेताना इंद्रायणीनं अभिप्राय उघडले. रजनी नावाच्या बाईंनी लिहिलं होतं, "शेवटी वाऱ्यात 'रजू' म्हणून कोण हाक मारतंय? आमची आई अशीच मारायची." त्याखाली कुणाच्या बहिणीचा आवाज होता, कुणाच्या नवऱ्याचा. नावं वेगळी, आवाज वेगळे. दोघांनी व्हिडिओ पुन्हा लावला. त्यांना नुसता वारा ऐकू आला.

सगळ्यांत खाली चिंतामणी म्हणून एक जण होता. "बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. काल त्यांनी हाक मारली. भाज्याच्या वरचं पठार ना हे? निघालोय."

श्रीयशनं व्हिडिओ काढून टाकला. इंद्रायणीनं त्याआधीच त्या माणसाला निरोप धाडला होता, वर जाऊ नका, आधी मला फोन करा, आणि खाली नंबर. मग तिनं शालनमावशींना फोन लावला. मावशी म्हणाल्या, एक मानूस मघाशीच वर गेला. धुकं लय हाय. मी आकाशला, पोराला माज्या, धाडते त्येच्या मागं.

फोन ठेवते न ठेवते तोच तो पुन्हा वाजला.

"ताई, मी चिंतामणी. तुमचा निरोप मिळाला." आवाज शांत होता, समाधानी. मागं वारा घोंगावत होता. "काळजी करू नका. बाबा दाखवतायत वाट. अजून थोडंच आहे म्हणतात."

"आहात तिथंच खाली बसा," इंद्रायणी म्हणाली. "पाऊल उचलू नका. एक मुलगा येतोय तुमच्याकडे. काका, ऐकताय ना?"

पलीकडून उत्तर आलं नाही. वाराही एकदम थांबला. बंद खोलीत असते तशी शांतता फोनमध्ये पसरली. आणि मग अगदी कानाशी, स्वच्छ, श्रीयशचा आवाज आला.

"येतोय ना आवाज, इंदू? आता तू ये."

श्रीयश तिच्या शेजारीच बसला होता. त्याचे ओठ मिटलेले होते.