पुढच्या चाकांचा शोध

मानवाने हिमशिखरं सर केली, वाळवंटं तुडवली, समुद्र पालथे घातले. पण अज्ञाताला भिडण्याचं खरं धैर्य जुनी गाडी विकत घेणाऱ्या माणसातच असतं! आमच्या मोहिमेपुढे मोर्शीजवळची एक नदी उभी होती. त्या सकाळी तिला घोटाभर पाणी होतं आणि आमच्या आधी एक म्हैस ती ओलांडून गेली होती.

खुशालराव आणि वच्छलावहिनी नदीपलीकडे संत्र्याच्या बागेत राहतात. गेल्या श्रावणात वहिनींना साप चावला, तेव्हा बाजेवर घालून चौघांनी त्यांना छातीभर पाण्यातून अलीकडे आणलं. एक खांदा माझा होता. वहिनी वाचल्या, पण खुशालरावांनी त्या दिवशीच ठरवलं, की पुढच्या श्रावणाआधी चारही चाकांनी ओढणारी गाडी दारात उभी पाहिजे.

ती अकोटला सापडली. एकोणीस वर्षांची जीप, मालक श्यामराव. खुशालरावांनी जन्मभर बैल पारखले, गाडीही तशीच पारखली. टायरच्या खाचेत बोट घालून वय पाहिलं, बॉनेटवर थाप मारली, मग लांब उभं राहून चाल पाहिली. आमच्यासोबत आलेले रहमतुल्ला मिस्त्री पोतं अंथरून गाडीखाली शिरणार, तोच खुशालरावांनी त्यांचा सदरा धरला.

"उठा मिस्त्री! कोनाच्या दारात त्याच्या जनावराच्या पोटाखाली वाकत नसतात. मालकाले काय वाटन?"

"भाऊ, हे जनावर नाही, जीप हाय."

"मालक तं मानूस हाय ना?"

श्यामराव गहिवरले. बैल घेण्याआधी तो जुंपून पाहायची आमच्याकडे रीत आहे, त्या रीतीने त्यांनी दोन दिवसांसाठी किल्ली खुशालरावांच्या हातात ठेवली.

तर दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं नदीच्या काठावर. दूर सातपुड्यावर आभाळ काळंभोर दाटलेलं, इथे मात्र ऊन. खुशालरावांनी चारही चाकं जुंपणारा छोटा दांडा ओढला. हिरवा दिवा लागला!

"पाहा! चारही बैल जुपले!"

जीप पाण्यात उतरली. अर्धं पात्र पार झालं. आणि मऊ वाळू लागली. मागची चाकं गरगरली. चिखल उडाला. गाडी बसली!

खुशालरावांनी अॅक्सिलरेटर दाबला. गाडी आणखी बसली. तेव्हा वहिनी लुगडं खोचून खाली उतरल्या आणि जीपला एक फेरी मारून आल्या.

"आवो, मांगचीच चाकं फिरून राहिली. पुढची तं हालत बी नाहीत."

"असं कसं? दिवा तं लागला ना!"

"दिव्यावर बसून जाता का मंग पलीकडे?"

मिस्त्री आता कोणाची परवानगी न विचारता गाडीखाली गेले. आतून आवाज आला, "भाऊ, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांपर्यंत नेनारा शाफ्टच नाही. डिझेल वाचवासाठी काढून ठेवला आसन."

"कुठं ठेवला?"

कोणाला ठाऊक! मी मागची सीट उचलली. खाली गोणपाटात गुंडाळलेली एक लांब लोखंडी दांडी. सोबत बोल्ट. लागायचे आठ, होते सात.

तेवढ्यात पाण्याचा रंग बदलला. गढूळ झालं, मग तांबडं. पळसाची पानं वाहत आली, मागोमाग एक अख्खी फांदी. वर पाऊस कोसळला होता! पाणी पोटरीला लागलं. मिस्त्री उताणे पडून बोल्ट कसत होते, मान पाण्याबाहेर धरून. वहिनींनी त्यांच्या डोक्याखाली हात दिला. एक बोल्ट. दुसरा. पाना निसटला! मी पाण्यात बुडी मारून तो शोधला. पाचवा. सहावा. सातवा!

"रिवर्स घ्या! आलो त्याच वाटेनं!" मिस्त्री गाडीखालून बाहेर सरकत ओरडले.

पुढची चाकं फिरली. खाली करकर असा आवाज झाला, गाडी थरथरली, हलली, आणि पाणी उडवत मागे निघाली! आमची मोहीम जिथून निघाली होती, त्याच काठावर विजयी होऊन परतली.

खुशालराव जीपला कुरवाळत होते. "घेतली! हेच गाडी घेतली!"

मिस्त्रींनी पुढच्या आसाचं बूच ढिलं करून दोन बोटांवर तेल घेतलं आणि उन्हात धरलं. तेल चकाकत होतं. "लोखंडाचा भुगा हाय भाऊ. आतल्या गिअरचे दात झिजून गेले. आज काढलं हिनं आपल्याले. पुढच्या बारीची ग्यारंटी मी नाही देत."

"पन आज तं काढलं ना!"

वहिनी पदर पिळत होत्या. "मी मांगच्या सीटवर निपचित पडली आसन, आन् तवाच हे दात तुटले तं?"

खुशालरावांचा हात बॉनेटवरून हळूच खाली आला.

"दुसरी पाहू मिस्त्री," ते म्हणाले. "आन् आता दारातच पोटाखाली शिरजा."

मग त्यांनी श्यामरावांना फोन लावला. नसलेला शाफ्ट, आलेला पूर, गळ्याशी आलेलं पाणी, झिजलेले दात, सगळं काही श्वास न घेता ऐकवलं. पलीकडे शांतता. आम्हाला वाटलं, माणूस लाजेने गार झाला.

"बरं झालं, सगळे वाचले," शेवटी श्यामराव म्हणाले. "आनतानी गाडी तेवढी धुऊन आनजा जी."